रेव्हिट आणि नेव्हिसवर्क्स: एमईपी कोऑर्डिनेशनसाठी ही जोडी किती भरवशाची?

एमईपी कोऑर्डिनेशन, म्हणजे इमारतीतल्या यांत्रिक, विद्युत आणि प्लंबिंगच्या सेवा एकमेकांशी जुळवणं, म्हटलं की आपल्याकडच्या बहुतेक ऑफिसांत एकच जोडी वापरात दिसते. मॉडेल रेव्हिटमध्ये, क्लॅश तपासायला नेव्हिसवर्क्स मॅनेज. दोन्ही ऑटोडेस्कची. पुण्या-मुंबईत बसून आखाती देश, ब्रिटन किंवा अमेरिकेतल्या प्रकल्पांची मॉडेलं करणाऱ्या ऑफिसांतही हेच. हा रिव्ह्यू २०२३ ते २०२५ या आवृत्त्या समोर ठेवून लिहिला आहे आणि तो एकाच कामापुरता आहे: डक्ट, पाइप, केबल ट्रे आणि स्प्रिंकलर एकाच फॉल्स सीलिंगच्या वर बसवायचे असतात तेव्हा ही सॉफ्टवेअर किती साथ देतात आणि कुठे हात वर करतात.

निकाल आधी सांगतो. नेव्हिसवर्क्सला ५ पैकी ४, रेव्हिटच्या एमईपी बाजूला ५ पैकी ३.५. गुण कापण्यामागचं मुख्य कारण एकच आहे. क्लॅश टेस्ट एकमेकांत घुसलेल्या वस्तू दाखवते. जी वस्तू मॉडेलमध्ये नाहीच, ती दाखवू शकत नाही. न जुळलेला पाइप, न लावलेलं इन्सुलेशन, न काढलेला सपोर्ट, व्हॉल्व्ह फिरवायला न सोडलेली जागा यांचा क्लॅश येत नाही. या चुका रेव्हिटमध्ये कंपोनंट बनवताना किंवा बसवताना होतात आणि रेव्हिट त्यातल्या बऱ्याचशा निमूट होऊ देतं. म्हणून 'शून्य क्लॅश' असा रिपोर्ट हातात आला तरी साइटवर कोअर कटिंगचं मशीन निघतंच.

रेव्हिटची जडणघडण लक्षात घेतली की हे का होतं ते कळतं. मुळात हे आर्किटेक्टसाठी बनलेलं सॉफ्टवेअर. २००२ साली ऑटोडेस्कने ते विकत घेतलं, एमईपीसाठी वेगळं उत्पादन २००६ मध्ये आलं आणि २०१३ च्या आवृत्तीपासून तिन्ही शाखा एकाच रेव्हिटमध्ये आल्या. भिंत, दार, खिडकी यांचं नातं रेव्हिटला पहिल्यापासून कळतं. पाइप आणि पंपाचं नातं मात्र पूर्णपणे फॅमिलीतल्या (वस्तूच्या तयार साच्यातल्या) कनेक्टरवर, म्हणजे जोडणीच्या बिंदूवर, अवलंबून असतं, आणि तो कनेक्टर कुणीतरी हाताने बसवलेला असतो.

कनेक्टर: खरी गोम इथे आहे

एएचयू (हवा थंड करून डक्टमध्ये सोडणारं मोठं युनिट), एफसीयू (खोलीपुरतं छोटं युनिट), पंप, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) यांच्या फॅमिली बहुतेक वेळा उत्पादकाच्या साइटवरून किंवा जुन्या प्रोजेक्टमधून उचललेल्या असतात. दिसायला देखण्या, आत कनेक्टरची बोंब. एका एफसीयूला साधारणपणे चिल्ड वॉटर सप्लाय, चिल्ड वॉटर रिटर्न, ड्रेन, सप्लाय एअर, रिटर्न एअर आणि इलेक्ट्रिकल असे सहा कनेक्टर लागतात. प्रत्येकाचं सिस्टम क्लासिफिकेशन, प्रवाहाची दिशा आणि माप बरोबर हवं. सप्लाय पाइपचं पाणी युनिटच्या आत जातं, म्हणून हायड्रॉनिक सप्लायच्या कनेक्टरची दिशा 'इन', रिटर्नची 'आउट'. सप्लाय एअर मात्र युनिटमधून बाहेर पडते, म्हणून तिथे 'आउट'. ही अदलाबदल फार वेळा सापडते, कारण 'सप्लाय' हा एकच शब्द पाण्याला आणि हवेला उलट दिशेने लागतो. दिशा उलटी असली तरी पाइप जोडला जातो, रंगही येतो. फ्लोची बेरीज मात्र चुकते आणि त्या बेरजेवरून साइझिंग केलं तर मेन लाइनच लहान निघते.

दुसरी नेहमीची चूक गोल कनेक्टरच्या मापाची. फॅमिली कॅटेगरीच्या खिडकीत 'राउंड कनेक्टर डायमेन्शन' अशी एक सेटिंग असते: त्रिज्या वापरा किंवा व्यास वापरा. फॅमिलीतला पॅरामीटर व्यासाचा आणि सेटिंग त्रिज्येची असली की ५० मिमीच्या नोझलला १०० मिमीचा पाइप लागतो. मॉडेलर तिथे रिड्यूसर टाकून पुढे जातो. क्लॅश नाही, वॉर्निंग नाही, पण बीओक्यूमध्ये (मालाच्या यादीत) प्रत्येक युनिटमागे एक बिनकामाचा रिड्यूसर वाढलेला.

तिसरी चूक व्हॉल्व्हची. पाइप अॅक्सेसरीच्या फॅमिलीत पार्ट टाइप 'ब्रेक्स इन्टू' असेल तर व्हॉल्व्ह पाइप कापून मध्ये बसतो. तो नुसता 'नॉर्मल' असेल तर चालू पाइपच्या मधोमध ठेवलेला व्हॉल्व्ह पाइपवर नुसता टेकतो आणि पाइप त्याच्यातून आरपार जातो. थ्रीडीत फरक डोळ्यांना कळत नाही. ओळखायची सोपी रीत: पाइपवर क्लिक करा. निवड व्हॉल्व्हच्या अलीकडे थांबली तर ठीक, पलीकडेही गेली तर व्हॉल्व्ह जोडलेलाच नाही.

फिटिंगच्या फॅमिलीत आणखी एक छुपा सापळा आहे. एल्बो, टी यांची मापं सीएसव्ही लुकअप टेबलमधून येतात. साइझ-लुकअप या फंक्शनला एक पर्यायी किंमत द्यावीच लागते. टेबलमध्ये तो साइझ सापडला नाही की ती लागू होते. म्हणजे टेबल १५० एनबीपर्यंतच (एनबी म्हणजे पाइपचं नावाचं माप) भरलेलं असेल आणि तुम्ही २०० एनबीचा एल्बो टाकलात, तर रेव्हिट तक्रार करत नाही, पर्यायी सूत्राने एल्बो काढून देतं. त्याची सेंटर-टू-एंड लांबी खऱ्या फिटिंगशी जुळेलच असं नाही. प्लांट रूममध्ये दोन एल्बो पाठीला पाठ लावून ऑफसेट घेतला असेल तर हाच फरक दुप्पट होऊन पंपाच्या नोझलपाशी निघतो. टेबलच्या शीर्षकात प्रत्येक रकान्याचं एकक लिहावं लागतं. तिथे इंच लिहून खाली मिलिमीटरचे आकडे भरले तर सगळंच २५.४ पट होतं. ही चूक निदान लगेच दिसते.

नवी फॅमिली प्रोजेक्टमध्ये घेण्याआधी तिला रिकाम्या फाइलमध्ये तपासणं हा यावरचा एकमेव भरवशाचा उपाय. फॅमिली ठेवा, प्रत्येक कनेक्टरमधून मीटरभर पाइप किंवा डक्ट काढा. एफ-९ दाबून सिस्टम ब्राउझर उघडा आणि प्रत्येक जोडणी योग्य सिस्टमखाली आली का ते पाहा. 'अनअसाइन्ड'मध्ये काही उरायला नको. मग युनिट २०० मिमी बाजूला सरकवा, पाइप मागोमाग यायला हवेत. नव्वद अंशांत फिरवा. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा टाइप लावून पाहा, कनेक्टर नोझलच्या तोंडाशीच राहतो का, की बॉडीच्या आत शिरतो. एवढं ज्या फॅमिलीने पार केलं तिलाच लायब्ररीत जागा द्या.

आणि उत्पादकाच्या फॅमिलीतले नट-बोल्ट, पंख्याची पाती, कंपनीचा उठावाचा लोगो निर्दयपणे काढून टाका. कोऑर्डिनेशनला युनिटचा बाहेरचा खोका, नोझलच्या जागा आणि देखभालीची जागा एवढंच लागतं. एखाद्या चिलरचे बोल्ट पायाच्या काँक्रीटशी शेकडो क्लॅश देतात आणि त्या गर्दीत बीममधून गेलेली एक हेडर लाइन हरवून जाते.

जोडणी तुटते तेव्हा

रेव्हिटमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने एक वॉर्निंग पाहिलेली असते: डक्ट किंवा पाइप उलट्या दिशेला बदलल्यामुळे जोडणी अवैध झाली आहे. दोन फिटिंगच्या मधला तुकडा इतका लहान झाला की तो शून्याच्या पलीकडे जातो, तेव्हा ही येते. इथे घाईत जोडणी तोडण्याचं बटण दाबलं की तुकडे जागच्या जागी राहतात, पण आतून तुटलेले. पुढच्या वेळी कुणी मेन डक्ट १०० मिमी खाली घेतो आणि ब्रांच वरच तरंगत राहते. दोघांत अंतर आहे, म्हणजे क्लॅश नाही. नेव्हिसवर्क्सच्या दृष्टीने सगळं ठीक.

यासाठी रेव्हिटमध्ये 'शो डिस्कनेक्ट्स' आहे, अॅनालाइझ टॅबमध्ये. ते चालू केलं की प्रत्येक उघड्या टोकापाशी पिवळी वॉर्निंगची खूण दिसते. शेजारीच 'चेक डक्ट सिस्टम्स' आणि 'चेक पाइप सिस्टम्स' आहेत. रेव्हिटच्या एमईपी बाजूचं हे सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरलं जाणारं साधन. खरी अडचण अशी की मुद्दाम उघडी ठेवलेली टोकंही यात दिसतात: भविष्यातल्या जोडणीसाठी सोडलेली, दुसऱ्या कंत्राटदाराच्या हद्दीपाशी थांबलेली. अशा प्रत्येक टोकाला एंड कॅप लावायची शिस्त ठेवली तर उरलेली प्रत्येक खूण ही खरी चूक ठरते.

माप: नावाचं आणि खरं

टेम्प्लेटसोबत येणारा कार्बन स्टील शेड्यूल ४० पाइप भारतातल्या कामाला जसाच्या तसा वापरू नये. आपल्याकडे चिल्ड वॉटर आणि फायर लाइनला १५० एनबीपर्यंत आयएस १२३९ चा एमएस (माइल्ड स्टील) पाइप येतो, त्यावर आयएस ३५८९. १०० एनबीला दोन्हीकडे बाहेरचा व्यास ११४.३ मिमीच आहे. पण ६५ एनबीला आयएसचा ७६.१ आणि अमेरिकन शेड्यूलचा ७३.०, १२५ एनबीला १३९.७ विरुद्ध १४१.३, १५० एनबीला १६५.१ विरुद्ध १६८.३. तीन मिलिमीटरने क्लॅश होत नाही हे खरं, पण ग्रूव्ह्ड कपलिंग आणि क्लॅम्प बाहेरच्या व्यासावर येतात. मॉडेलमधून काढलेल्या यादीवर ऑर्डर गेली तर माल परत पाठवावा लागतो. एसडब्ल्यूआर (सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याच्या) पीव्हीसीचं नाव बाहेरच्या व्यासावरूनच पडतं, म्हणजे ११० म्हणजे बाहेरून ११०. ड्रॉइंगवर १०० लिहिलेलं, साइटवर 'चार इंची' म्हटलेलं आणि प्रत्यक्षात ११० असलेलं, हे तिन्ही एकच. रेव्हिटच्या पाइप सेगमेंटमध्ये नॉमिनल, आतला आणि बाहेरचा असे तीन वेगळे रकाने आहेत. ते एकदा नीट भरून रूटिंग प्रेफरन्सेसमध्ये जोडून टाकले की सगळ्या ऑफिसचं काम होतं.

आता एक कॉरिडॉर घेऊन हिशेब मांडू. फिनिश फ्लोअर ते फिनिश फ्लोअर ३९०० मिमी. वरच्या मजल्याचं फ्लोअरिंग ५० मिमी. स्लॅब धरून बीमची खोली ६०० मिमी. फॉल्स सीलिंग २७०० वर. बीमच्या तळापासून सीलिंगपर्यंत उरले ५५०. इथेच पहिली चूक होते: आर्किटेक्टची लेव्हल फिनिशची असते आणि स्ट्रक्चरची काँक्रीटची, पण एमईपीच्या फाइलमध्ये एकच लेव्हल कॉपी केली जाते आणि ५० मिमी फुकटचे मिळतात.

या ५५० मध्ये ३०० मिमी खोलीचा डक्ट आणि त्याच्याखालून आडवा जाणारा १५० एनबी चिल्ड वॉटर पाइप. मॉडेलमध्ये ३०० अधिक १६५, म्हणजे ४६५. अजून ८५ मिमी शिल्लक, रिपोर्ट स्वच्छ. साइटवर डक्टला टीडीएफ फ्लँज (दोन तुकडे जोडणारी पत्र्याची कड) असतो, दोन्ही बाजूंना ३५ मिमी, म्हणजे ३७०. डक्टखाली आधाराचा अँगल, ४० मिमी धरा. पाइपवर ५० मिमी इन्सुलेशन, दोन्ही बाजूंनी धरून व्यास २६५. बेरीज ६७५. सीलिंगची फ्रेम आणि लाइट फिटिंग अजून धरलेलंच नाही, तरी १२५ मिमी कमी पडतात.

रेव्हिटमध्ये इन्सुलेशन ही पाइपपासून वेगळी कॅटेगरी आहे. ते लावायचं राहिलं तर कुठेच ओरड होत नाही, आणि एक्स्पोर्टच्या व्ह्यूमध्ये ती कॅटेगरी बंद असेल तर लावलेलंही नेव्हिसवर्क्सपर्यंत पोचत नाही. इन्सुलेशनचा वर्कसेट (मॉडेलचा कामासाठी पाडलेला गट) त्याच्या पाइपच्या वर्कसेटपेक्षा वेगळा पडणं हाही नेहमीचा घोळ. पाइप दिसतो आणि त्याचं आवरण गायब. डक्टचा फ्लँज तर रेव्हिटच्या साध्या डक्टमध्ये असतच नाही. फॅब्रिकेशन पार्ट्स वापरले, जे २०१६ च्या आवृत्तीपासून आहेत, तर जोडणीची मापं बऱ्यापैकी खरी येतात. पण डिझाइनच्या टप्प्यावर ते फार जड पडतं. त्यामुळे व्यवहारी तोड अशी की डक्टभोवती फ्लँज आणि अँगलची जागा क्लिअरन्स टेस्टमध्ये (ठरावीक मोकळी जागा आहे का ते पाहणाऱ्या तपासणीत) धरायची.

वर दिलेल्या कॉरिडॉरमध्ये उपाय काय? डक्ट चपटा करणं पहिलं सुचतं, पण ९०० बाय ३०० चा डक्ट तेवढ्याच क्षेत्रफळात २०० खोलीचा केला तर रुंदी १३५० होते, प्रमाण जवळपास ७:१. ४:१ च्या पुढे जाणं घर्षणासाठीही वाईट आणि पत्र्यासाठीही. त्यापेक्षा पाइप बीमला समांतर असेल तर त्याला डक्टच्या वर, दोन बीमच्या मधल्या पोकळीत घ्यावा. स्लॅब १५० धरला तर तिथे ४५० मिमी मिळतात आणि २६५ चा पाइप आरामात बसतो. फक्त वर चढलेल्या ठिकाणी हवा साचते, तिथे एअर व्हेंट लागतो आणि त्या व्हेंटपर्यंत हात पोचायला सीलिंगमध्ये झाकण. ही दोन्ही मॉडेलमध्ये टाकली नाहीत तर त्यांचाही क्लॅश कधी येणार नाही.

बीआयएमफोरमच्या वर्गवारीत एलओडी (मॉडेलमधल्या तपशिलाची पातळी) ३०० आणि ३५० मधला फरक हाच आहे: ३५० मध्ये सपोर्ट आणि इतर कामांशी जोडणारे भाग येतात. कंत्राटात ३०० लिहून कोऑर्डिनेशन मागणं म्हणजे सपोर्टशिवाय इमारत मागणं. क्लायंटशी बोलताना हा मुद्दा सुरुवातीलाच लिहून घ्यावा.

उताराचे पाइप आधी, बाकी सगळं नंतर

ड्रेनेज गुरुत्वाकर्षणावर चालतं, त्याला वळसा घालता येत नाही. १:१०० उताराने ६ मीटरची लाइन ६० मिमी खाली येते, १:६० ने १०० मिमी. रेव्हिटमध्ये उताराचा पाइप काढणं ठीकठाक जमतं, पण नंतर एखादं टोक ओढलं किंवा 'इग्नोर स्लोप टु कनेक्ट' चालू राहिलं की मधलाच एखादा तुकडा सपाट होतो. डोळ्याला हे दिसत नाही. म्हणून पाइपचं एक शेड्यूल करून ठेवा: सिस्टम क्लासिफिकेशन सॅनिटरी, रकाने स्लोप, लांबी, व्यास, आणि उभ्या लाइन वगळून स्लोप शून्य असलेले वेगळे काढा. मॉडेल बाहेर पाठवण्याआधी ही यादी रिकामी असली पाहिजे. एफसीयूच्या ड्रेनलाही हाच नियम; तो २५ किंवा ३२ चा बारीक पाइप म्हणून दुर्लक्षित राहतो आणि पुढे सीलिंगवर डाग पडतात.

मेकॅनिकल सेटिंग्जमध्ये फिटिंगचे कोन 'कोणताही कोन' असे सोडू नका. ठरावीक कोन निवडा आणि बाजारात ज्या फिटिंग मिळतात तेवढेच चालू ठेवा. नाहीतर मॉडेलमध्ये ३७ अंशांचा एल्बो सुखाने बसतो आणि प्लंबरला तो कुठेच मिळत नाही. रिड्यूसरचंही तसंच. रेव्हिट बहुधा समकेंद्री रिड्यूसर टाकतं. पंपाच्या सक्शनला मात्र एक्सेंट्रिक लागतो, सपाट बाजू वर, नाहीतर हवेचा फुगा अडकतो. समकेंद्रीच्या जागी एक्सेंट्रिक आला की पाइपची मध्यरेषा सरकते, आणि पाया आधीच ओतलेला असेल तर हे उशिरा लक्षात येणं महागात पडतं.

केबल ट्रे: रेव्हिटची कमकुवत बाजू

रेव्हिटमधल्या केबल ट्रेला डक्ट-पाइपसारखी खरी सिस्टम नसते. ट्रे पॉवरची की ईएलव्हीची (डेटा, टेलिफोन यांसारख्या कमी व्होल्टेजच्या केबलची) हे टाइपच्या नावावरून किंवा 'सर्व्हिस टाइप' या मजकुराच्या रकान्यावरून ओळखायचं. एकाने 'एलटी पॉवर' आणि दुसऱ्याने 'पॉवर एलटी' लिहिलं की फिल्टरही फसतो आणि नेव्हिसवर्क्सचा सर्च सेटही (निकषांवरून वस्तू शोधणारा गट). म्हणून इथे हाताने टाइप करायला परवानगीच देऊ नये, तयार टाइप द्यावेत.

ट्रे आतून रिकामीच असते, केबल मॉडेलमध्ये नसतात. मल्टिकोअर आर्मर्ड एलटी (लो टेन्शन) केबलला वळणाची त्रिज्या व्यासाच्या १२ पट धरतात. ६५ मिमीच्या केबलला ७८० मिमी. रेव्हिटचा ट्रे-एल्बो मात्र बेंड रेडियसच्या पॅरामीटरवर वळतो आणि तो सहसा ट्रेच्या रुंदीएवढा ठेवलेला असतो. ३०० च्या ट्रेला ३०० ची त्रिज्या. काटकोनात ट्रे वळली, पण केबल वळणार नाही. वरून केबल टाकायला २०० ते ३०० मिमी मोकळी जागाही हवी, आणि पाण्याच्या लाइनखालून ट्रे नेऊ नये. यातलं काहीच हार्ड क्लॅशमध्ये (वस्तू प्रत्यक्ष एकमेकांत घुसल्याच्या तपासणीत) येत नाही.

पॅनेलपुढची जागा तर कायद्याचाच प्रश्न आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे स्विचबोर्डच्या पुढे किमान १ मीटर मोकळी जागा हवी, आणि मागच्या बाजूला उघड्या जोडण्या असतील तर मागची जागा २० सेंमीपेक्षा कमी किंवा ७५ सेंमीपेक्षा जास्त. पॅनेलच्या फॅमिलीतच हा पारदर्शक ठोकळा वेगळ्या सबकॅटेगरीत काढून ठेवा. मग कुठलाही डक्ट किंवा कॉलम त्यात शिरला की साध्या हार्ड टेस्टमध्येच सापडतो. व्हीसीडीची (हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या डँपरची) दांडी, फायर डँपरचं अॅक्सेस डोअर, एफसीयूचा फिल्टर बाहेर ओढायची बाजू यांनाही हीच युक्ती लागू पडते. आमच्या मते रेव्हिटमध्ये करता येण्यासारख्या सगळ्या सुधारणांत ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी.

लिंक केलेल्या आर्किटेक्चरल मॉडेलच्या सीलिंगवर डिफ्यूझर आणि स्प्रिंकलर बसवायचे तर फेस-बेस्ड फॅमिली लागते. आर्किटेक्टने सीलिंग पुसून नवं काढलं की जुन्यावर बसलेले सगळे अनाथ होऊन जुन्याच उंचीवर लटकत राहतात. कोलॅबोरेट टॅबमधलं 'रिकन्साइल होस्टिंग' त्यांची यादी देतं. नवी लिंक आली की पहिलं काम तेच.

नेव्हिसवर्क्स: चांगलं का आहे, आणि कसं फसवतं

ऑटोडेस्कने २००७ मध्ये घेतलेलं हे इंग्लंडमधल्या शेफिल्डचं सॉफ्टवेअर अजूनही अवजड मॉडेलं हलवण्यात वाकबगार आहे. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधल्या फाइल एकत्र बसवतं, एनडब्ल्यूएफमध्ये फक्त संदर्भ ठेवतं, एनडब्ल्यूडीमध्ये सगळं एका फाइलमध्ये बांधून देतं. स्विचबॅकने क्लॅशवरून थेट रेव्हिटमधल्या त्याच पाइपवर जाता येतं. रेव्हिटचं स्वतःचं इंटरफेरन्स चेक याच्यासमोर टिकत नाही: त्यात दोन लिंक एकमेकांविरुद्ध तपासता येत नाहीत आणि क्लॅशची स्थितीही साठवता येत नाही.

फसगत एक्स्पोर्टपासून सुरू होते. कोऑर्डिनेट्स 'शेअर्ड' निवडा, नाहीतर प्रत्येकाची फाइल वेगळ्या जागी पडते आणि क्लॅश शून्य येतात. त्या शून्यावर आनंद मानणारी मंडळी असतात! एक्स्पोर्टसाठी वेगळा थ्रीडी व्ह्यू ठेवा, डिटेल लेव्हल फाइन, इन्सुलेशन आणि क्लिअरन्सच्या सबकॅटेगरी चालू, सेक्शन बॉक्स बंद. रोजच्या कामाच्या व्ह्यूमधून एक्स्पोर्ट केलं की कुणीतरी लपवलेली भिंत रिपोर्टमधूनही लपते.

क्लॅश डिटेक्टिव्हमध्ये दुर्लक्ष करण्याचे नियम असतात. 'एकाच फाइलमधल्या वस्तू' हा नियम चालू असेल आणि सगळ्या सेवा एकाच रेव्हिट फाइलमध्ये असतील, तर डक्ट आणि पाइप यांच्यातले सगळे क्लॅश गायब होतात. इन्सुलेशनमुळे उलटा त्रास: पाइप आणि त्याचं स्वतःचं आवरण नेहमीच एकमेकांत असतं, म्हणून वैतागून लोक इन्सुलेशनच वगळतात. त्याऐवजी एका बाजूला डक्ट आणि डक्ट इन्सुलेशन, दुसऱ्या बाजूला पाइप आणि पाइप इन्सुलेशन असे सर्च सेट करा. हाताने निवडून ठेवलेला सिलेक्शन सेट नको, तो नव्याने आलेल्या वस्तू उचलत नाही.

हार्ड टेस्टची एक मर्यादा फार थोड्यांना ठाऊक असते. नेव्हिसवर्क्समध्ये सगळी भूमिती त्रिकोणांची असते आणि साधी हार्ड टेस्ट त्रिकोण त्रिकोणाला छेदतो का एवढंच पाहते. दोन पाइप अगदी एका रेषेत असतील आणि टोकापाशी थोडे एकमेकांत गेले असतील, तर त्रिकोण छेदत नाहीत आणि क्लॅश येत नाही. 'हार्ड कन्झर्व्हेटिव्ह'मध्ये असे सापडतात, बदल्यात काही खोटेही येतात. 'डुप्लिकेट्स' टेस्ट वेगळी आहे, ती एकावर एक दोनदा काढलेल्या वस्तू पकडते. बीओक्यू मॉडेलमधून निघणार असेल तर ती चालवल्याशिवाय राहू नये.

टेस्टचा क्रम असा ठेवावा: आधी स्ट्रक्चर विरुद्ध उताराचं ड्रेनेज, मग स्ट्रक्चर विरुद्ध मोठे डक्ट, मग डक्ट विरुद्ध पाइप, मग ट्रे, शेवटी स्प्रिंकलरच्या ब्रांच आणि काँड्युट. टॉलरन्स सुरुवातीला २५ मिमी, मोठे प्रश्न सुटल्यावर १०. सगळ्यांविरुद्ध सगळं एकदम चालवलं तर हजारोंचा आकडा येतो आणि मीटिंग त्या आकड्यावरच संपते.

मॉडेलरना एक सवय लावलीच पाहिजे: पाइप पुसून नवा काढायचा नाही, आहे तोच हलवायचा. नेव्हिसवर्क्स क्लॅशची ओळख रेव्हिटच्या एलिमेंट आयडीवरून ठेवतं. पुसून पुन्हा काढलेल्या पाइपचा आयडी नवा, म्हणून जुना क्लॅश 'रिझॉल्व्ह्ड' होतो आणि तोच प्रश्न 'न्यू' म्हणून परत येतो. त्यावर लिहिलेल्या टिपा, जबाबदाऱ्या, सगळं जातं. 'अप्रूव्ह्ड'चा वापरही जपून. ती स्थिती स्लीव्हमधून जाणाऱ्या पाइपसारख्या खऱ्या अपवादांसाठी आहे, रिपोर्टमधला आकडा कमी करण्यासाठी नाही.

कोणी घ्यावं

दोन्ही वर्गणीवर मिळतात. दोन्ही लागणार असतील तर एईसी कलेक्शन (ऑटोडेस्कचा एकत्र संच) सुटं सुटं घेण्यापेक्षा परवडतं. रेव्हिट एलटी या कामाला चालत नाही, त्यात वर्कशेअरिंगच (अनेकांनी एकाच मॉडेलवर काम करण्याची सोय) नाही. आवृत्तीचं आधी ठरवून घ्या: २०२५ मध्ये सेव्ह केलेली फाइल २०२४ मध्ये उघडत नाही आणि मागे सेव्ह करायची सोयही नाही. सल्लागार, कंत्राटदार आणि आर्किटेक्ट यांनी एकच आवृत्ती धरली पाहिजे.

उत्पादकांची तयार, तपासलेली लायब्ररी हवी असेल आणि स्लॅब-भिंतीतल्या ओपनिंगचं काम जास्त असेल, तर रेव्हिटवर चालणारं मॅजिकॅड जरूर पाहा. ओपनिंगची मागणी पाठवणं आणि मंजूर करणं त्यात रेव्हिटपेक्षा खूपच सरळ आहे. क्लायंट आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारं खुलं फाइल-स्वरूप) मागत असेल तर सोलिब्री. 'इथे अमुक वस्तू असायलाच हवी होती' अशा प्रकारचे नियम त्यात लावता येतात, म्हणजे वर सांगितलेली नेव्हिसवर्क्सची मुख्य उणीव काही अंशी भरून निघते. मात्र त्यासाठी रेव्हिटमधल्या कॅटेगरी नीट असाव्या लागतात. जेनेरिक मॉडेल म्हणून काढलेला पंप आयएफसीमध्ये प्रॉक्सी (प्रकार न कळलेली वस्तू) होऊन जातो आणि कुठल्याच नियमात बसत नाही.

लहान एचव्हीएसी किंवा फायर कंत्राटदाराने, ज्याला फक्त दुसऱ्यांचं मॉडेल पाहायचं आहे, यातलं काहीही विकत घेऊ नये. नेव्हिसवर्क्स फ्रीडम मोफत आहे आणि एनडब्ल्यूडी उघडतं. सल्लागाराकडून दर आठवड्याला एनडब्ल्यूडी मागा, त्यात प्रत्येक क्लॅशचा सेव्ह केलेला व्ह्यूपॉइंट आणि वस्तूंचे गुणधर्म असू द्या म्हणून सांगा, आणि फोरमनला साइट ऑफिसातल्या लॅपटॉपवर बीमखालची ती ५५० मिमीची जागा प्रत्यक्ष दाखवा.